गडव्यातलं पाणी

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. ज्या घरात बसून हे लिहितो आहे, त्या घरातल्या माणसांनाही नाही. पण ती सांगायची तर आधी भाऊंबद्दल सांगावं लागेल. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आमच्या डोक्यावर, वरच्या माळ्यावर राहणारे हे भाऊ म्हणजे अख्ख्या चंद्रपुरात सगळ्यांत जास्त घरं पाहिलेला आणि एकही न घेतलेला माणूस. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं, हे तीस वर्षं माहीत असून त्यांना ते शेवटच्या दोन वर्षांत आठवलं. मग शिफ्टची सुट्टी ज्या वारी येई त्या वारी मोटरसायकलवर पुढे भाऊ, मागे मी आणि माझ्या मांडीवर पितळेचा गडवा म्हणजे तांब्या, अशी आमची वरात तुकूमच्या गल्ल्यांतून निघू लागली.

गडव्याचं शास्त्र असं की, इथे दुपारी कोळशाच्या खाणीत सुरुंगाचा बार उडतो आणि गावातल्या भिंती तडकतात. भाऊ नेमके त्या वेळी विकाऊ घराच्या मधल्या खोलीत काठोकाठ भरलेला गडवा ठेवून समोर उकिडवे बसत. श्वास रोखत, मालकालाही रोखायला लावत. थेंब सांडला की घर नापास. "पाया बोदा आहे तुमचा," असं ते डॉक्टरसारखं हळू आवाजात सांगत. मग अंगणातल्या तुळशीचं पान पांढऱ्या रुमालानं पुसून तो काळा पडलेला रुमाल घरच्या बाईंपुढे धरत, "हे राख तुमी रोज खाऊन राह्यले, ठाऊक आहे का?" एका मालकाला तर म्हणाले, "इतकं मजबूत घर काऊन विकून राह्यले? भावाभावाचं भांडन मिटते, घर पुन्हा भेटत नाई." त्यानं खरंच विकायचं रद्द केलं.

"भाऊ, आपण घर घ्यायला आलो होतो," मी परतताना म्हणालो.

"त्याचं तर वाचलं ना, बापा."

वहिनी आमच्यासोबत कधी आल्या नाहीत. दोन्ही गुडघे गेलेले, जिना उतरायचा तर बसत बसत. मागणं एकच. "मले मोठं नाई पाह्यजे. दाराबाहेर पाय ठेवला का जमीन लागली पाह्यजे, बस."

रिटायर व्हायला तीन महिने उरले असताना, एका रविवारी ते घर सापडलं. बैठं, दोन खोल्यांचं, पुढे अंगण, दारात एकच पायरी. भाऊ पायरीवर बसले, उठले, परत बसले. "जमते तिले," म्हणाले. मालकानं सांगितलं, सकाळपासून तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, आधी बयाना देईल त्याचं घर. मी म्हटलं, देऊन टाका. भाऊ हलले नाहीत. "आज रविवार, बार नाई उडत. उद्या दुपारी गडवा ठेवतो, मंगच बयाना."

त्या संध्याकाळी मी एकटा गेलो आणि बयाना देऊन आलो. दोन वर्षं मागच्या सीटवर बसून मलाही घराची चटक लागली होती, दुसरं काही कारण नाही. माझी रिटायरमेंट दहा वर्षं लांब होती. भाऊंना सांगितलं, मालक सासऱ्यांच्या ओळखीचा निघाला, त्यानंच बोलावून घेतलं. भाऊंनी कोपऱ्यातला गडवा उचलून पुसला. मग म्हणाले, "तरी उद्या पाहू ना. तुले फसवलं असंन तं?"

आणि सोमवारी दुपारी ते माझ्यासाठी त्या घरात उकिडवे बसले. बार उडाला, खिडकीच्या काचा वाजल्या. गडव्यातून थेंबही सांडला नाही. "पक्कं आहे," भाऊ म्हणाले. "आता झोप बिनघोर."

वास्तुशांतीला गडवा मलाच देऊन गेले. नंतर घाईघाईत तिसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट घेतला, लिफ्ट नसलेला. त्याबद्दल विचारलं तर हसून म्हणत, "हवा लय येते."

भाऊ आता नाहीत. त्यांना न्यायला आलेली माणसं खाली उभी होती, तेव्हाही वहिनी उतरू शकल्या नाहीत. गॅलरीतून पाहिलं त्यांनी. मी अधूनमधून भाजी घेऊन जातो. त्या विचारतात, "भाऊजी, औंदा अंगनात काय लावलं?" मी झेंडू सांगतो आणि खाली उतरतो. माझे गुडघे तिन्ही जिने मोजतात.

त्या रविवारचं खरं मला वहिनींना सांगायचं आहे, ते अजून सांगितलेलं नाही. आणि दारातली ती एक पायरी मी त्यांना देणं लागतो.