आजारी पोट्टीले तीट

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आणि आमच्या पंधरा दिवसांच्या नातीच्या हृदयाला छेद निघाला होता. दवाखान्यात आमचं खानदान फाइल छातीशी धरून बसलेलं, पोरगी मात्र पाळण्यात! "ऑपरेशन होऊ दे, मग लाड करू," हा हुकूम माझाच. उगाच जीव लागायला नको ना! सुनेनं बिचारीनं मुकाट ऐकला.

शेजारच्या पलंगावर गुढियारी वस्तीतली एक बाई होती. तिच्या लेकीला तोच आजार. ती रोज लेकीला ओल्या फडक्यानं पुसायची, गालावर काजळाची तीट लावायची आणि जरा मागे सरून बघायची, पंडरीच्या कापडबाजारात साडी पसंत करावी तशी.

मी मोठी शहाणी. म्हटलं, "बाई, एवढ्या आजारी पोट्टीले कोणाची नजर लागन?"

तिनं मलाच विचारलं, "काहून जी? माह्यी पोट्टी सुंदर नाही का?"

मी आमच्या पाळण्यात वाकून पाहिलं, तर नातीचं नाक थेट माझं! पंधरा दिवसांत फाइलचं पान न् पान पाहिलं होतं मी.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काजळाची डबी तेवढी मागितली, आणि सुनेला म्हटलं, "घे तिले मांडीवर. तीट मीच लावीन."