शेवटच्या प्रकरणात दार वाजतं

याकूब बाइंडरला सांगलीत कुणी वाचक म्हटलं नाही. वाचक म्हणजे चष्मा, झब्बा आणि व्याख्यानाला पुढची खुर्ची. याकूबचाचांच्या अंगाला कायम खळीचा वास, उजव्या अंगठ्याला दाभणाचा घट्टा. त्यांचं वाचन व्हायचं ते हातातलं पुस्तक शिवून होईपर्यंत. "गिऱ्हाईकाचं हाय, ताई. परत द्यायच्या आत जेवढं पोटात जाईल तेवढं आपलं," म्हणायचे.

माझी त्यांची ओळख पुस्तकांमुळेच. मी सातवी नापास. वाचायला खरी शिकले ती मोर्चाच्या पत्रकांवर. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची आमची संघटना आहे. विश्रामबागच्या मागं एक हॉल भांडून मिळवला आणि तिथं बायकांसाठी वाचनालय काढायचं ठरवलं. लोकांनी पुस्तकं दिली. दिली म्हणजे काय, घरातली अडगळ काढली. अर्धी होती यशस्वी कसं व्हावं सांगणारी. राहिलेल्यांत मिरजेच्या एका निवृत्त सिस्टरबाईंच्या दोन ट्रंका होत्या, जुन्या ख्रिस्ती कादंबऱ्यांनी भरलेल्या. सगळ्यांच्या पाठी निसटलेल्या. ती सगळी पोत्यांत भरून, रिक्षात घालून मी चाचांच्या दुकानात नेऊन ओतली.

"ही शिवून द्या. वाचण्यासारखं त्यात काही नाही, पण कपाट तरी भरंल."

"न वाचता बोलताय व्हय?" चाचा म्हणाले.

मला राग आला. पण खरंच वाचली नव्हती.

त्यानंतर दर आठवड्याला मी दहा-बारा पुस्तकं न्यायला जायची आणि पुस्तकाबरोबर चाचांचं मत फुकट मिळायचं. यशस्वी व्हा म्हणणाऱ्या पुस्तकांवर त्यांचा दात होता. "ह्या पुस्तकांत कुणी मरत न्हाई, कुणी आजारी पडत न्हाई, कुणाला भाऊ न्हाई, भन न्हाई. निस्ता एक माणूस सकाळी पाचला उठतोय. उठून जातोय कुठं? त्येच्या घरी कोण हाय का न्हाई?"

ख्रिस्ती कादंबऱ्या मात्र ते सावकाश शिवायचे. सोळा सोळा पानांचा एकेक जुज सुटा करायचा, वाचायचा, मग टाका. समोर सायकलचं दुकान असलेला भाऊसो एकदा ओरडला, "याकूबभाई, बाटताय का काय?"

"पुस्तक शिवून माणूस बाटला असता तर मी कवाच बी.कॉम. झालो असतो, गड्या!"

मी म्हटलं, "चाचा, त्या कादंबऱ्यांत सगळे सहन करत बसतात. सासू छळते, नवरा पितो, आणि ही आपली गुडघे टेकून प्रार्थना करते. आमच्या बायकांनी हेच शिकायचं का?"

"ते खरं हाय. पहिली दोनशे पानं मलाबी राग येतो. पण ताई, शेवटचं प्रकरण बघा. नगरकडचा एक पाद्री हाय ह्यात. पोरगा भांडून रेल्वेत नोकरीला गेला, बारा वर्सं त्वांड दाखवलं न्हाई. नाताळच्या सकाळी दार वाजतं. म्हातारा उठून उघडतो." दाभण हातात धरून ते थांबले. "सगळ्या पुस्तकांत असंच हाय. शेवटच्या प्रकरणात दार वाजतं, आणि माणूस घरात असतो. त्यांच्यात कुणी बाजाराला गेलेला नसतो बगा."

मी हसले. ते हसले नाहीत.

मग हळूहळू कळलं. चाचांचा थोरला भाऊ दस्तगीर. कोरेगावात शाळेचे गणवेश शिवायचा. आईबाप लवकर गेले तेव्हा ह्याला त्यानंच वाढवलं. चौदा वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजनं यशाच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती शिवायला दिल्या. एकच पुस्तक चाळीस वेळा हातातनं गेलं. त्यात लिहिलेलं, तुमच्या स्वप्नांना नाही म्हणणारी माणसं आयुष्यातनं काढून टाका. चाचांचं स्वप्न होतं मोठ्या कटिंग मशीनचं. दस्तगीरभाई म्हणाले, "कशाला रं? पोरं कॉम्प्युटरवर वाचाय लागल्यात. पुस्तकं बांधून घ्यायला येणार कोण?" नेमकं ते बोलले मिस्बाहच्या, म्हणजे चाचांच्या मुलीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीला. चाचांचं डोकं फिरलं. दोनशे पाहुण्यांदेखत म्हणाले, "तू माझ्या वाईटावर हाईस. ऊठ."

थोरल्या भावाला जेवत्या ताटावरनं उठवला. दस्तगीरभाईंनी हातसुद्धा धुतला नाही. तसेच खरकट्या हातानं स्टँडवर गेले.

मशीन आलं, आणि दोन वर्षांत ताडपत्रीखाली गेलं. थोरल्याचं खरं झालं. पण ते कबूल करायला कोरेगावला जायला पाहिजे होतं.

"मग जावा की!" मी एकदा कावले. "तीन तासांचा रस्ता. चौदा वर्षं काय करताय?"

"पुस्तकं वाचतोय," ते म्हणाले. "एक म्हणतं, स्वतःला माफ करा. मी कोण मला माफ करणार? ज्येला उठवला त्येनं करायचं. दुसरं म्हणतं, देवानं माफ केलंय. केलं आसंल. पण देव काय माझ्या पंगतीत जेवत न्हवता."

मागल्या मे महिन्यात आमच्या वाचनालयाचं उद्घाटन ठरलं. रविवार. पाहुणे मोठे बोलावलेले, मी पत्रिका छापून बसलेली. साठ पुस्तकं अजून व्हायची होती. मंगळवारी मी चाचांना सांगितलं, दुकानात राहू नका, सामान घेऊन हॉलवरच या, तिथंच चिकटवा, तिथंच कपाटात लावा. आले बिचारे. फोन दुकानात चार्जिंगला राहिला.

संध्याकाळी चाचा दुकान उघडायला गेले. मी सोबत होते. भाऊसो पळत आला.

"कुठं गेलता? तुमचा थोरला भाऊ आलता, कोरेगावचा! दोन तास फळीवर बसला हितं. चहा आणला, पिला न्हाई. शेवटची गाडी चुकंल म्हणून गेला."

चाचांच्या हातातली किल्ली कुलपाशीच राहिली. "काय म्हणाला?"

"हजला निघालाय. पुढल्या मंगळवारी विमान हाय. म्हणाला, याकूबला सांगा, कहा-सुना माफ कर. लग्नातनं उठून आलो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा ऱ्हायला. माझीच चूक झाली, म्हणाला."

हजला जाणारा माणूस निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाच्या दारात जाऊन माफी मागतो. मला हे माहीत होतं. चाचांच्या दारात उलटी माफी येईल हे कुणाला माहीत होतं?

"त्येनं मागायची?" चाचा एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "मी सकाळच्या गाडीनं जातो."

आणि मी, बोलून चालून मोर्चे काढणारी, लोकांचं दुःख मला कळतं असं वीस वर्षं भाषणात सांगणारी, काय म्हणाले? म्हणाले, "चाचा, रविवार होऊ द्या. विमान मंगळवारचं आहे ना? सोमवारी गाठा. पुस्तकं अशी उघडी पडली तर माझी अब्रू जाईल." फोन करा, असंही सुचवलं. ते म्हणाले, "ही फोनवर बोलायची गोष्ट न्हाई."

ते राहिले. साठच्या साठ पुस्तकं केली. उद्घाटनात पाहुण्यांनी नव्या बांधणीवर हात फिरवून कौतुक केलं. मी व्यासपीठावरनं सगळ्यांचे आभार मानले. चाचांचं नाव घ्यायचं राहिलं.

सोमवारी ते कोरेगावला पोचले. दस्तगीरभाईंच्या सुनेनं, परवीननं, दार उघडलं. विमानाच्या आधी मुंबईत हजर व्हावं लागतं, म्हणून अब्बा शनिवारीच गेले, म्हणाली. तिनं फोन लावून हातात दिला. पलीकडनं माणसांचा कालवा ऐकू येत होता. "हॅलो, कोण?" चाचा म्हणाले, "मी याकूब." थोरला म्हणाला, "आलास व्हय घरी? जेवून जा." एवढ्यात आवाज तुटला. पुन्हा लागला नाही.

चाचा जेवले नाहीत. चाळीस दिवसांनी भाऊ परतला की त्याच्याबरोबर एका ताटात जेवायचं, असं परवीनला सांगून आले. सांगलीत येऊन मलाही सांगितलं, हाराची ऑर्डर कुठं द्यायची तेही विचारलं.

दस्तगीरभाई परतले नाहीत. तिकडच्या उन्हानं गेले. तिथंच दफन झालं. नशीबवान मौत, असं मशिदीत सगळे म्हणाले. चाचांनी मान हलवली. पण कोरेगावात कबर नाही, की जिच्याजवळ जाऊन बसावं.

महिन्याभरानं मी दुकानात गेले, तर फळीच्या जागी नवं स्टूल होतं, रेक्झिनची गादी ठोकलेलं. दाराला पुठ्ठा टांगलेला, कडांना कापडाची पट्टी, पुस्तकाला लावतात तशी. त्यावर जाड अक्षरात: याकूब नमाजला गेला आहे. वीस मिनिटांत येतो. जाऊ नका, बसा.

भाऊसो म्हणाला, "आता कुठं जातबी न्हाईत. पोरगी पुण्याला बोलावती, जात न्हाईत. डॉक्टरकडं जायचं तर मला हितं बसवून जातात. मी म्हणतो, आता कोण यायचं ऱ्हायलंय, याकूबभाई? तर स्टूल पुसाय लागतात."

मी स्टुलावर बसले. मला बोलायचं होतं. वाक्य येतानाच जुळवून आणलेलं: चाचा, त्या मंगळवारी मी तुम्हाला अडवायला नको होतं. कलेक्टरसमोर माझी जीभ अडखळत नाही. एवढ्या एका वाक्याला काय लागतं?

चाचा आले. नमाजाआधी हातपाय-तोंड धुतलेलं वजूचं पाणी अजून दाढीला होतं. मला बघून घाई केली, चप्पल दारातच वाकडी राहिली.

"लय येळ बसलात का?"

"नाही, आत्ताच."

त्यांनी त्या नगरकडच्या पाद्र्याची कादंबरी कपाटातनं काढून माझ्यापुढं ठेवली. आमच्या वाचनालयाचीच होती, त्यांनी वाचायला पुन्हा मागून नेली होती. "घेऊन जावा. खोटी न्हाई ही. मी उगं नावं ठेवत हुतो. दार वाजतं ते खरं हाय." मग म्हणाले, "बोला. काय काम काढलंत?"

पिशवीत दोन फाटकी पुस्तकं होती. ती मी बाहेर काढली.

"ही शिवायची होती," मी म्हणाले.