दहावा टाका

बुखाऱ्यात फुटकी चिनी भांडी जोडणारे होशिम उस्ताद म्हणत, "डोळे गिऱ्हाईक बघायला, कामाला बोटं." धनुष्यासारखी कमान ओढून फिरवायच्या, हिऱ्याच्या टोकाच्या गिरमिटाने किटलीला भोक पाडायचे, पण आरपार नाही. कडक झिलई संपून टोक आतल्या मऊ मातीत शिरले, की अंगठ्याला कळते. तिथे थांबायचे आणि दोन भोकांत तार बसवायची, की झाला एक टाका.

त्या दिवशी द्राक्षे तोडताना त्याच अंगठ्याला गांधीलमाशी डसली. अंगठा टम्म फुगला, बधिर झाला. नेमकी तेव्हाच शेजारची नवी सून झुमराद किटलीचे दोन तुकडे घेऊन रडत आली.

"काका, सासूबाई परवा येतायत! हिला आधीच नऊ टाके आहेत. दहावा कुणाला कळणार?"

उस्तादांनी तुकडा धरला. पकड किती घट्ट झाली ते कळेचना. कट्! कडेचा टवका उडाला.

"अहो, किटली आहे ती, अक्रोड नव्हे!" बायको मोहिराने गिरमिटच हिसकावले. "तुम्ही नुसती कमान ओढा."

"कणीक मळणारे हात ते!"

"रोज मळते म्हणून तर कळतं, कुठे थांबायचं. ओढा. हळू... बास!"

"अजून थोडं."

"बास म्हटलं ना!"

दोन भोके झाली, तार बसली, टवकाही चिकटवला. पाणी भरले, थेंब गळला नाही. झुमरादने मोहिराचे हात डोळ्यांना लावले. उस्ताद अंगठ्यावर फुंकर घालत बसले.

दोन दिवसांनी झुमरादच्या सासूबाई रुकियाबीबी आल्या आणि शेजाऱ्यांना चहाला बोलावले. त्यांना अंधुक दिसे. किटलीवरून बोट फिरवता फिरवता त्या एका टाक्यावर थांबल्या.

"हा बघा किती गुळगुळीत! बाकीचे बोटाला टोचतात. हा नक्की समरकंदच्या कारागिराचा. होशिमला कुठलं जमतंय!"

"समरकंदचा?" उस्ताद उसळले. "परवाच बसवलाय, माझ्या घरात!"

मोहिराने नवऱ्याला कोपर मारले, पण उशिरा.

"परवा?" बीबींच्या भुवया चढल्या. "म्हणजे परवा ही..."

सुनेचा पांढराफटक चेहरा उस्तादांना दिसला. चाळीस वर्षांची अब्रू होती, पण दुसरे काही सुचेना.

"मी नाही, बीबी. हिनं बसवला. माझ्या बायकोनं. मी नुसती कमान ओढली."

बीबी इतक्या हसल्या, की ठसका लागला. "हिनं? आणि तू कमान ओढत होतास?" डोळे पुसत त्यांनी मोहिराला जवळ बसवून घेतले आणि घरातली आणखी तीन फुटकी भांडी तिच्यापुढे मांडली. किटली फोडली कुणी, हे विचारायचे राहूनच गेले.