चंद्रपुरातला वन्स मोअर

सोनीबाईंचं सारवण अर्ध्यावरच होतं. अर्धी ओसरी ओली, अर्धी कोरडी, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तेवढ्यात निकेशची गाडी दाराशी येऊन उभी राहिली. चंद्रपूरच्या एका चित्रदालनात झाडीपट्टीच्या नाटकांचे जुने रंगवलेले पडदे लावले होते, आणि त्या प्रदर्शनाचं काम निकेश पाहायचा. संध्याकाळी दालन बंद झालं की तिथंच गाण्याची बैठक होती. सोनीबाईंनी तिथं गावं, असा त्याचा हट्ट.

"चला बाई, उशीर होऊन राह्यला."

"हात तं धुऊ दे ना बापू! शेणाच्याच हातानं गाऊ का?"

वडशाच्या नाटक कंपनीत सोनीबाईंनी उभी हयात राणीची कामं केली. पुढे नवऱ्याच्या आजारपणात स्टेज सुटलं. सून दिव्या घरात आली ती त्यानंतर. तिनं सासूचा आवाज ऐकला तो फक्त आरतीत. माहेरी मात्र "नाटकवालीची सून" असे टोमणे तिच्या वाट्याला यायचे. ती कधी बोलली नाही, पण सोनीबाईंना ते ठाऊक होतं. म्हणून निघताना त्यांनी तिलाही गाडीत बसवलं. एकदा तरी हिच्यासमोर माझं पद रंगू दे देवा, एवढंच मागणं मागितलं.

दालनात थंडगार हवा, पांढरा उजेड, खुर्च्यांवर टापटीप माणसं. पेटीवर जुन्या कंपनीतले नवाबभाऊ. जंगलाच्या पडद्यासमोर सोनीबाईंनी फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि रानात वाट चुकलेल्या राणीचं पद सुरू केलं. मैदानात मागच्या माणसापर्यंत फेकायचा तो आवाज. देवानं दिलेला गळा, तो कुठं जातो? भिंती घुमल्या.

पहिलं कडवं संपलं. सगळे गप्प. दुसरं संपलं, तरी गप्पच.

झाडीपट्टीत प्रेक्षकांना पद आवडलं की "वन्स मोअर"चा गलका उठतो, तेच पद पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. मंडपात कुणी हूं की चूं केलं नाही, तर नाटक पडलं म्हणायचं. सोनीबाईंची दिव्याकडे बघायची छाती होईना. त्या मध्येच थांबल्या.

"नवाबभाऊ, बंद करा जी पेटी. नाई जमून राह्यलं."

"काऊन वं सोनीबाई? सूर तं मस्त लागला."

"लोकं पाहा ना, मयतीत आल्यावानी बसून राह्यले!"

माईक चालूच होता. खुर्च्यांत खसखस पिकली. पुढच्या रांगेतल्या एक बाई ओशाळून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही मुद्दाम गप्प होतो."

तेव्हा मागून दिव्या उठली. घरात पाहुण्यांसमोरही हळू बोलणारी पोर, पण आवाज खणखणीत निघाला.

"ह्या नाटकवाल्या हायेत जी, माह्या सासू! त्याइले गप्प बसण्याचा त्रास होते. गाणं आवडलं असन तं ओरडा ना! वन्स मोअर!"

 मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुरुवात केली आणि सगळं दालन ओरडलं. नवाबभाऊंनी हसत भाता ओढला. सोनीबाईंनी डोळे पुसले, पद पहिल्यापासून धरलं आणि थेट दिव्याकडे बघून त्या गायल्या. पुन्हा वन्स मोअर आला. पुन्हा गायल्या. तिसऱ्या खेपेला तर माणसं खुर्च्या सोडून खाली फरशीवर येऊन बसली.

बैठक उठल्यावर जो तो सोनीबाईंना नमस्कार करत होता, आणि बाजूला दिव्या ओळख नसलेल्या माणसांनाही "माह्या सासू हायेत" म्हणून सांगत होती. ते ऐकून सोनीबाईंची मान आणखी ताठ झाली.

निकेश म्हणाला, "बाई, मुक्काम करा. उद्याही ठेवू बैठक."

"तारीख माह्याशी बोला," दिव्या म्हणाली. "पुढच्या शनवारी येतो. उद्या नाई जमत."

"काऊन?"

"उद्या सकाळी आमाले राशनच्या दुकानात अंगठा लावाले जा लागते."