धुरपदाचं मत

धुरपदा म्हंजे माझी धाकटी जाऊ. बोरीकडच्या आमच्या खेड्यात लोक तिला आजबी बिचकून असतात. बिचकू द्या! त्या दिशी समदे बाप्ये शेपूट घालून बसले व्हते, तवा ही एकलीच हुबी व्हती.

ऐंशीच्या इलेक्शनला तिचा नवरा मुंजाजी, माझा दीर, शाळेतल्या बूथवर एजंट बसला व्हता. नामांतराच्या दंगलीला दीड वरीस झालं व्हतं, गाव अजून धुमसायलं व्हतं. व्यंकटराव गावचा मोठा बागायतदार. त्येची मानसं बौद्धवाड्यातल्या बायांना केस धरून रांगेतून हाकलायली. मुंजाजी मधी पडला. म्हनला, "ज्येचं मत त्येला टाकू द्या." बस्, त्येला वढत पटांगणात आनलं आन् व्यंकटरावानं सोता कुऱ्हाडीच्या दांड्यानं बडवला. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ह्या कानांनी ऐकला. आठव्या दिशी परभणीच्या दवाखान्यात जीव गेला. फौजदारानं समद्यांना विचारलं. कुनी काईच बघितलं न्हवतं म्हनं! मीबी न्हाई. थू आमच्या जिनगानीवर.

धुरपदा लय रडली न्हाई. नवऱ्याचा कोयता तिनं हाती घेतला आन् दर साली टोळीबरूबर उसतोडीला जाऊ लागली. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात पुन्ना दिल्लीचं इलेक्शन लागलं, तशी तोडणी अर्धी टाकून एसटीनं गावात हजर. कोयता कमरंलाच. म्हनली, "आक्का, मला मत टाकायचंय. त्याच्यापायीच जीव गेला की त्यांचा."

बूथच्या दारात पोलिसानं कोयता आडवला. मी तिच्या मागंच रांगेत. तिनं कोयता माझ्याकडं दिला आन् आत गेली. आत एजंट म्हनून खुद्द व्यंकटराव बसल्याला! मतदान घेणाऱ्या सायबाला म्हनला, "ही बाई बोगस हाय. नवऱ्याचं नाव विचारा तिला."

हरामखोराला ठावं व्हतं. आमच्या बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. सवाष्ण उखाण्यात तरी घेती, रांडव बाईनं कुठं घ्यावं? अशा वक्ताला शेजारची बाई नाव सांगून मोकळी व्हती. आन् तिच्या मागं दारात मीच व्हते. धाकट्या दिराचं नाव घ्यायला मला कसली आडकाठी? धुरपदानं वळून माझ्याकडं बघितलं. व्यंकटरावानंबी बघितलं. माझी दातखीळच बसली.

"बोल की," व्यंकटराव हसायला, "कुनाची बायकू तू?"

"तुमी ज्येला मारलं त्येची."

"असं चालत न्हाई बाई, नाव पाहिजे," सायब म्हनला.

ती दारापस्तोर माघारी आली. पोलीस रांगेकडं वळल्याला. तिनं निस्ता हात पुढं केला. आन् मी मेलीनं कोयता दिला. तोंडातून एक नाव निघंना, पर कोयता द्यायला हात कसा निघाला, देवाला ठाऊक.

एकच घाव. व्यंकटरावाचा टेबलावर ठेवल्याला उजवा पंजा तुटून यादीवर पडला. बाप्पा, काय त्ये रगत! व्यंकटराव डुकरावानी वरडायला. पोलीस पळाला, रांग फुटली. धुरपदानं कोयता खाली टाकला, सायबापुढं बोट धरलं. "लाव शाई." सायबानं लावली, कागद दिला. आडोशाला जाऊन तिनं शिक्का मारला, नीट घडी घातली, पेटीत टाकली. मंग तिथंच भुईवर बसून ऱ्हायली, पोलिसाची जीप येईपस्तोर.

पाच वर्सं भोगून आली. व्यंकटराव वाचला, डाव्या हातानं जेवतो. आता आमी दोघी शेजारी बसून भाकरी खातो, तवा ती म्हनती, "आक्का, समदं गेलं, पर माझं मत पडलं बग त्या पेटीत." मी मान हलवते.

त्या दिसाची पेटी रद्द झाली, हे तिला कुनी सांगितलं न्हाई. तिसऱ्या दिशी फेरमतदान झालं. ती तवा कोठडीत. आमी समदे पुन्ना रांगेत हुबं ऱ्हायलो, फेरमतदानाला लावत्यात तशी मधल्या बोटाला शाई लावून घेतली. मीबी घेतली. मोजलं त्ये माझं मत.