नळाचा ठराव आणि आमचे वर गेलेले हात

इंग्लंडात पाण्याची टंचाई आहे, असं फोनवर सांगितलं की नागपूरची माझी बहीण हसत सुटायची. तिच्याकडे नळ दिवसाआड यायचा, आणि आमच्याकडे म्हणे छत्रीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. पण दोन हिवाळे कोरडे गेले होते आणि दोन हजार सहा साली हॅरोच्या आमच्या भागात होजपाइपवर बंदी आली. गाडी धुवायची तर बादलीने, बागेला पाणी घालायचं तर झारीने. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण आमच्या कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, जोर चढला. अलॉटमेंटवरचे, म्हणजे भाजी लावायला लोकांना भाड्याने दिलेल्या जमिनीवरचे नळ आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडायचे, असा ठराव तिथे येणार होता.

माझा तिथे एक तुकडा होता. मेथी, मुळा, कोथिंबीर, आणि काचेच्या खोपटात दुधी. माझं डोकं तापायला एवढं पुरे होतं. आमचे हे हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, रूल इज रूल. सगळ्यांना तोच आहे." जन्मभर लोकांना झोपवत आलेल्या माणसाकडून माझी फार अपेक्षा नव्हतीच.

शेजारचा तुकडा एका वॉर्डनबाईचा होता. वॉर्डन म्हणजे पोलीस नव्हेत. कौन्सिलने नेमलेली, गणवेश घालून वस्तीत फिरणारी माणसं. टवाळ पोरांना पांगवायची, अंधार पडला की म्हाताऱ्यांना घरापर्यंत सोबत करायची. स्टेशनजवळ माझी पर्स कुणीतरी हिसकावून नेली, तेव्हा हिनेच मला हाताला धरून घरी आणलं होतं आणि माझ्याच स्वयंपाकघरात शोधाशोध करून मला चहा करून दिला होता. चहा भयंकर होता. पण तेव्हापासून ती माझी मैत्रीण, आणि इतकी वर्षं इंग्लंडात काढून मराठी नसलेली मैत्रीण मला ती एकटीच होती.

त्या जूनमध्ये ती वाफ्याच्या कडेला बसून म्हणाली, "आमचं काँट्रॅक्ट संपतंय. पुढे चालू ठेवायचं की नाही, ते कौन्सिल ठरवणार. नाही म्हणाले तर मी लीड्सला बहिणीकडे जाईन. नोकरीशिवाय इथलं भाडं मला झेपायचं नाही." तिचा ठराव माझ्या नळांच्याच बैठकीत होता. मला एकदम रडू आलं. दुधीचं काय, तो दुकानातही मिळतो.

मग मी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना फोन लावले. पाण्याचा प्रश्न आहे, चला, म्हटल्यावर एकीनेही का म्हणून विचारलं नाही. नळाच्या वेळा सांभाळत सगळ्याजणी लहानाच्या मोठ्या झालेल्या. बैठकीच्या संध्याकाळी टाउन हॉलची वरची, प्रेक्षकांची गॅलरी साड्यांनी भरली. कुणी वड्यांचा डबा आणला होता, कुणी चिवडा. मागच्या रांगेत माझी मैत्रीण साध्या कपड्यांत बसली होती. तिला बोलायची परवानगी नव्हती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वॉर्डनांचा ठराव आधी आला. खाली बराच वेळ वाद चालला. काही जण बाजूने, काही विरोधात, आणि दोघंतिघं नुसते छताकडे बघणारे. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

आमच्या मंडळात आजवर एकही ठराव पडलेला नाही. कुणी काही विचारलं की सगळ्यांनी हात वर करायचे, 'सर्वानुमते मंजूर' म्हणायचं आणि चहाला उठायचं, ही आमची रीत. माझ्या शेजारी मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद काकू होत्या. त्यांनी सवयीने हात उंच केला. काकूंचा हात वर गेल्यावर मागे राहायची कुणाची छाती होती? बघता बघता सगळ्या गॅलरीचे हात वर.

मी घाईघाईने कुजबुजले, "काकू, हात खाली घ्या. आपल्याला व्होट नाही इथे."

"व्होट नाही म्हणजे? कौन्सिल टॅक्स नाही का भरत आपण?" काकूंनी मुळीच आवाज न उतरवता विचारलं. "आणि ही पोरगी चांगली आहे. मला दर गुरुवारी घरी सोडते."

मीही हात वर केला. सरळ, पूर्ण.

अध्यक्षबाईंनी वर पाहिलं. "गॅलरीला मताचा अधिकार नाही," त्या म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. पण खाली छताकडे बघणाऱ्यांना आता छताच्या आधी आम्ही दिसत होतो. एकाने हात वर केला. त्याच्याकडे बघून दुसऱ्याने. ठराव मंजूर झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. मागे वळून पाहिलं तर मैत्रीण ओंजळीत तोंड लपवून बसली होती आणि एक काकी तिला वडी घ्यायचा आग्रह करत होती.

पुढे नळांचा ठराव आला. या वेळी हात मांडीवर ठेवा, अशी आम्हाला आधीच ताकीद मिळाली. नळ दोनच संध्याकाळी उघडणार, होज अजिबात चालणार नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायचं काम वॉर्डनांकडे, असं ठरलं. मी सपशेल हरले होते. घरी जाताना बसमध्ये आम्ही इतक्या हसलो की ड्रायव्हरने दोनदा आरशात पाहिलं.

पंधरवड्याने आमच्या ह्यांना दुधीची दया आली. मी मेथी खुडत होते, तेवढ्यात त्यांनी हळूच नळाला होज लावला. मैत्रीण गणवेशात फाटकातून आत आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने नुसता हात पुढे केला. रूल इज रूलवाल्या डॉक्टरांनी मुकाट्याने होज तिच्या हातात दिला. तिने तो नीट गुंडाळून ठेवला, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि माझ्या दोन झाऱ्या उचलल्या. "चल," ती मला म्हणाली, "दुधीपासून सुरुवात करू."