मोहनचं शेडकार्ड

कर्करोगाशी निकराची झुंज देत मोहन अनंतात विलीन झाला, असं आमच्या सोसायटीच्या फळ्यावर अजून लिहिलेलं आहे. त्या झुंजीतले बहुतेक दिवस मी हॉस्पिटलात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मला झुंज काही दिसली नाही. दिसला तो हातात टोकन धरून बसलेला आणि समोरच्या भिंतीकडे बघून वैतागलेला माणूस. "यात निळा जास्त पडलाय रे," तो म्हणायचा. "पेशंट आधीच फिके, त्यात हा."

मोहनने उभी हयात एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात घालवली. एखाद्या भिंतीला कुणी नुसतं क्रीम म्हटलं की त्याला राहवत नसे. "कुठलं क्रीम?" म्हणून तो पँटच्या मागच्या खिशातून रंगांच्या नमुन्यांचं जुनं, कोपरे झिजलेलं शेडकार्ड काढायचा. निवृत्तीनंतरही ते कार्ड खिशात असायचंच. मुलुंडच्या बागेत रोज सकाळी आम्ही चार फेऱ्या मारायचो, तेव्हासुद्धा. अशाच एका फेरीत, दीड वर्षापूर्वी, तो सहज म्हणाला, "नंद्या, आज लघवी गुलाबी झाली. फिकट. पण दुखलं वगैरे काही नाही."

"बीट खाल्लं असशील," मी म्हणालो, आणि लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल आधी जे बोलत होतो ते पुढे चालू ठेवलं. तो हसला. दुसऱ्या दिवशी रंग गेला, आणि दोघांनीही त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. जे दुखत नाही तो आजार नाही, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. आम्ही दोघंही शिकलेले होतो, त्यामुळे ती जास्तच पक्की होती.

सात महिन्यांनी रक्त पुन्हा आलं, या वेळी गाठींसकट. दुर्बिणीने तपासणी झाली, मूत्राशयात ट्यूमर निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे विचारत होत्या. सिगरेट? बारा वर्षांपूर्वी सोडली. काम? रंगाच्या कारखान्यात. हे त्यांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. आणि रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?

"महिना झाला असेल," मोहन म्हणाला.

शैलावहिनी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली मोहनचा बूट माझ्या पायावर आला आणि तिथेच राहिला. बाई सांगत होत्या. ट्यूमर भिंतीत किती खोल गेलाय हे सगळ्यांत महत्त्वाचं. मग वय, किडन्या, बाकीची तब्येत, आणि पेशंट किती लवकर आला ते. शेवटची गोष्ट त्यांनी बाकीच्यांच्याच सुरात सांगितली. मला ती एकटीच ऐकू आली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "खोटं कशाला बोललास?"

"सात म्हटलं असतं तर शैलाने मला तिथेच मारलं असतं. आणि मग तुला." थोडं चालल्यावर म्हणाला, "ट्यूमर खोल किती गेलाय ते त्यांना आत दिसेलच ना. माझ्या तारखेने तो वर येणार आहे का?"

तो खोलच गेला होता. मूत्राशय काढावं लागलं, पोटावर लघवीची पिशवी आली. "काका, कलर कसा आहे?" असं नर्सने विचारलं की मोहन शेडकार्ड काढून पिशवीला लावायचा आणि नंबर सांगायचा. ती कागदावर 'पिवळा' लिहायची. यावर त्याने तिला चार वेळा सुनावलं. नंतरची प्रत्येक तपासणी त्याने वेळेवर केली, एकही तारीख चुकवली नाही. इतका वक्तशीर तो नोकरीतही नव्हता. आजार मात्र हाडांपर्यंत पोचलाच. शेवटच्या आठवड्यात मी त्याला विचारणार होतो, तेव्हा मी बीट म्हणालो नसतो तर... पण तो झोपलेला असायचा, आणि जागा असला की मला धीर व्हायचा नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. टेबलावर शेडकार्ड होतं आणि एक वही. वही त्याच्या कपाटात सापडली होती. त्यात रोजची तारीख आणि शेडचा नंबर, शेवटच्या ॲडमिशनपर्यंत. पहिली नोंद बागेतल्या त्या दिवसाची होती. नंबर, मग 'दुखत नाही', आणि खाली 'नंद्या म्हणतो, बीट.'

मी वही मिटली. "वहिनी, त्याने मला आधीच सांगितलं होतं. सात महिने आधी. मी थट्टेवारी नेलं."

"वाचलंय मी," त्या म्हणाल्या. बराच वेळ कार्डाच्या घड्या नीट करत राहिल्या. "पण भाऊजी, बीट कसं सुचलं तुम्हाला? इतकी वर्षं जेवताय आमच्याकडे. या घरात बीट कधी आलंच नाही."

हे खरं आहे. मोहनला त्याचा रंग आवडत नसे.